घटस्फोटानंतर मुलाचा आरोग्य विमा: काय करायचं, कोणत्या क्रमाने, आणि कुठे चुकतं

परस्पर संमतीच्या घटस्फोटात कन्सेंट टर्म्समध्ये, म्हणजे दोघांनी मान्य करून न्यायालयात दिलेल्या अटींत, एक ओळ हमखास सापडते: ‘मुलाचा वैद्यकीय खर्च वडील करतील.’ वकील ती टाइप करून घेतात, दोघं सह्या करतात आणि विषय संपल्यासारखा वाटतो. पुढे मुलाला डेंग्यू होतो, आई त्याला दवाखान्यात घेऊन जाते आणि काउंटरवर एकेक प्रश्न येतो. कार्ड कुठे आहे? पॉलिसीधारक कोण? त्यांचं पॅन कार्ड? ओटीपी कुणाच्या मोबाइलवर गेला? त्या एका ओळीत यातल्या कशाचंच उत्तर नसतं.

गोंधळाचं मूळ एकच. मूल एका घरात असतं आणि पॉलिसी दुसऱ्या घरातल्या माणसाच्या नावावर. प्रीमियम कोण भरणार यावर महिनोन्‌महिने घासाघीस होते, पण दाव्याचे पैसे कुणाच्या खात्यात येणार हे कुणी विचारत नाही. नंतरची बहुतेक भांडणं याच प्रश्नावरून होतात.

सोयीसाठी मूल आईकडे राहतं आणि वडील वेगळे राहतात असं धरून लिहिलं आहे. उलट असेल तर नावं बदलून वाचा, क्रम तोच राहतो. घटस्फोट हिंदू विवाह कायद्याखाली असो, विशेष विवाह कायद्याखाली असो किंवा इतर कुठल्या, विम्याचा भाग सगळ्यांना सारखाच लागू आहे.

## टप्पा १: अर्ज दाखल करण्याआधी आहे ते कागदावर आणा

वकिलाकडे जाण्याआधी मुलाला आज कुठून कुठून संरक्षण आहे याची यादी करा. वडिलांच्या कंपनीची ग्रुप पॉलिसी, आईच्या कंपनीची ग्रुप पॉलिसी, स्वतः घेतलेली फॅमिली फ्लोटर (एकच विमा रक्कम सगळ्या घरात वाटलेली पॉलिसी), सरकारी नोकरी असेल तर सीजीएचएस (केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांची आरोग्य योजना) किंवा खात्याची योजना, आणि रेशन कार्डावर मिळणारी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना. मुलाचं नाव दोन-तीन ठिकाणी असतं आणि पालकांना एकच आठवत असते, असं नेहमी होतं.

प्रत्येक पॉलिसीबद्दल एवढं लिहून काढा:

- पॉलिसीधारक कोण, पॉलिसी क्रमांक, मुलाचा सदस्य क्रमांक
- विमा रक्कम किती, आणि ती एकट्या मुलाची की सगळ्या घरात वाटलेली
- मुलाचं नाव पहिल्यांदा कोणत्या तारखेला आलं
- नूतनीकरणाची तारीख
- खोलीभाड्याची मर्यादा, को-पे (बिलातला स्वतः भरायचा ठरावीक टक्के भाग) आणि शहराचा झोन

मुलाचं नाव पॉलिसीत आल्याची तारीख फार महत्त्वाची आहे. आधीच्या आजारांचा प्रतीक्षा काळ, म्हणजे त्या आजारांवरच्या उपचाराचे पैसे मिळत नाहीत तो काळ, त्या तारखेपासून मोजला जातो. १ एप्रिल २०२४ पासून हा काळ जास्तीत जास्त ३ वर्षांचा ठेवता येतो. मुलाने यातली दोन-अडीच वर्षं काढली असतील, तर ती वाया घालवून नव्याने सुरुवात करण्यासारखं दुसरं नुकसान नाही.

झोनचं म्हणाल, तर काही पॉलिसींचा प्रीमियम शहरानुसार ठरतो. वडील नांदेडला आणि मूल आईबरोबर ठाण्यात असेल, तर नांदेडच्या दराने घेतलेल्या पॉलिसीवर मुंबई परिसरात उपचार घेताना बिलातला ठरावीक टक्के भाग स्वतः भरावा लागू शकतो. पॉलिसीतल्या पत्त्यापेक्षा मूल जिथे राहतं आणि जिथे उपचार घेणार ते शहर बघा.

मुलाची कागदपत्रंही आताच गोळा करा: जन्मदाखला, आधार, लसीकरणाचं कार्ड, जुनी डिस्चार्ज कार्डं आणि पॉलिसीच्या सगळ्या वर्षांच्या प्रती. दोन्ही पालकांकडे एकेक संच हवा. संबंध बिघडल्यावर कागद मागणं अवघड होतं.

सावध: खटला चालू आहे म्हणून रागाच्या भरात कुणाचं नाव पॉलिसीतून काढू नका आणि प्रीमियम चुकवू नका. हुकूमनामा (घटस्फोटाचा अंतिम आदेश) होईपर्यंत जोडीदार कायद्याने जोडीदारच असतो. वार्षिक हप्त्याच्या पॉलिसीला ३० दिवसांचा ग्रेस पिरियड मिळतो. तेवढ्यात हप्ता भरला तर पॉलिसीचं सातत्य टिकतं, पण मधल्या रिकाम्या दिवसांत झालेल्या उपचाराचे पैसे मिळत नाहीत.

## टप्पा २: मुख्य पॉलिसी कोणती ते ठरवा

माझं मत स्पष्ट आहे. मूल ज्याच्याकडे राहतं, त्याच्या नावावर मुलाची मुख्य पॉलिसी असावी. प्रीमियमचा पूर्ण किंवा अर्धा भार दुसऱ्या पालकाने उचलावा. वडिलांच्या नोकरीतलं संरक्षण दुसरा थर म्हणून राहू द्यावं.

कारण साधं आहे. रिइम्बर्समेंटच्या, म्हणजे आधी बिल भरून नंतर परत मागायच्या, दाव्याचे पैसे विमा कंपनी पॉलिसीधारकाच्या बँक खात्यात टाकते. बिल आईने भरलं असलं तरी पॉलिसी वडिलांची असेल तर पैसे वडिलांकडे जातात. ‘माझ्या खात्यात टाका’ असा आईने अर्ज केला तरी सहसा चालत नाही. ग्रुप पॉलिसीत तर ती रक्कम कर्मचाऱ्याच्या पगाराच्या खात्यातच येते. मग त्या पैशांसाठी मागे लागायचं, मेसेज पाठवायचे, वकिलाला सांगायचं, आणि हे सगळं मूल अजून अंथरुणात असताना.

कंपनीच्या पॉलिसीवरच सगळा भरवसा का ठेवू नये, याचंही कारण आहे. नोकरी सुटली की सहसा शेवटच्या कामाच्या दिवशी ते संरक्षण संपतं. नोकरी कधी सोडायची हे वडील ठरवतात आणि आईला ते तीन महिन्यांनी कळतं. मात्र ग्रुप पॉलिसीचा एक मोठा फायदा विसरू नका. बऱ्याच ग्रुप पॉलिसींत आधीच्या आजारांना पहिल्या दिवसापासून संरक्षण असतं. मुलाला दमा, फिट्स किंवा जन्मजात हृदयदोष असेल, तर वडिलांच्या कंपनीतलं नाव कोणत्याही परिस्थितीत टिकवा.

ताबा आईकडे गेला म्हणून मूल वडिलांच्या पॉलिसीतून आपोआप निघत नाही. जोडीदार निघतो, मूल राहतं. तरीही पॉलिसीतली ‘अवलंबित मूल’ ही व्याख्या एकदा शब्दशः वाचा.

तपासा: फक्त मुलाच्या नावावर पॉलिसी बऱ्याच विमा कंपन्या देत नाहीत, सोबत एक प्रौढ लागतो. म्हणून आई आणि मूल अशी दोघांची फ्लोटर घ्यायची तयारी ठेवा. प्रीमियमची वाटणी ठरवताना आईचा भाग आणि मुलाचा भाग वेगळा कसा काढणार, हेही तेव्हाच बोलून घ्या.

## टप्पा ३: कन्सेंट टर्म्समध्ये नेमकं काय लिहायचं

घाई सगळ्यात जास्त इथेच होते, आणि नुकसानही इथेच.

हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३बी खाली संयुक्त अर्ज करताना कन्सेंट टर्म्स सोबत जोडल्या जातात आणि हुकूमनाम्याचा भाग होतात. एका बाजूने अटी पाळल्या नाहीत, तर दुसऱ्या बाजूला फॅमिली कोर्टात दरखास्त, म्हणजे हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीसाठी अर्ज, करता येते. पण दरखास्त चालायला अट मोजता येण्यासारखी हवी. ‘योग्य तो वैद्यकीय खर्च’ म्हणजे किती, कोणत्या तारखेला, कोणत्या खात्यात, हे लिहिलेलं नसेल तर न्यायालय वसुली तरी कशाची करणार?

खालचा मसुदा वकिलाला दाखवा आणि आपल्या परिस्थितीप्रमाणे बदलून घ्या:

> १. अर्जदार क्र. १ (आई) या स्वतःच्या नावे आरोग्य विमा पॉलिसी घेऊन त्यात मुलाचे नाव समाविष्ट करतील. विमा रक्कम किमान १० लाख रुपये राहील व ती कमी करावयाची झाल्यास अर्जदार क्र. २ (वडील) यांची लेखी संमती घ्यावी लागेल.
>
> २. सदर पॉलिसीच्या प्रीमियमपैकी मुलाच्या वाट्याची संपूर्ण रक्कम अर्जदार क्र. २ हे नूतनीकरणाच्या तारखेपूर्वी किमान १५ दिवस आधी अर्जदार क्र. १ यांच्या बँक खात्यात जमा करतील. ही रक्कम मुलाच्या मासिक निर्वाह खर्चाव्यतिरिक्त राहील.
>
> ३. अर्जदार क्र. २ यांच्या नोकरीत आरोग्य विम्याची सोय असेपर्यंत ते मुलाचे नाव त्यात कायम ठेवतील, दरवर्षी नूतनीकरणानंतर ७ दिवसांत ई-कार्ड व पॉलिसीची प्रत अर्जदार क्र. १ यांना ई-मेलने पाठवतील आणि नोकरी सोडण्याचा राजीनामा दिल्यापासून ७ दिवसांत तसे लेखी कळवतील.
>
> ४. मुलाच्या उपचारापोटी कोणत्याही पक्षाच्या खात्यात विमा दाव्याची रक्कम जमा झाल्यास, ज्याने रुग्णालयाचे बिल भरले त्याच्या खात्यात ती १० दिवसांत जमा केली जाईल.
>
> ५. विम्यातून न मिळालेला खर्च उभय पक्ष निम्मा-निम्मा सोसतील. बिलाची प्रत मिळाल्यापासून १५ दिवसांत ही रक्कम देणे बंधनकारक राहील.
>
> ६. दाव्यासाठी लागणारी सही, ओळखपत्र, पॅन कार्डाची प्रत व ओटीपी देण्यास पॉलिसीधारक पक्ष विलंब करणार नाही.

चौथी अट जवळजवळ कुठल्याच कन्सेंट टर्म्समध्ये दिसत नाही. बाकी काही विसरलात तरी चालेल, ही अट सोडू नका.

दुसऱ्या अटीतलं शेवटचं वाक्यही नीट वाचा. मासिक रकमेत प्रीमियम धरला आहे की नाही, यावरून पुढे हमखास वाद होतो. ‘मी महिन्याला १५ हजार देतो, त्यातच सगळं आलं,’ असं वडील म्हणतात. आई म्हणते, ते शाळा आणि खाण्यापिण्याचे. दोघंही खोटं बोलत नसतात, कारण कागदावर काहीच नसतं.

पाचव्या अटीत दातांचे उपचार, चष्मा, समुपदेशन, स्पीच थेरपी आणि ओपीडीच्या फिया यांचा वेगळा उल्लेख करा. साध्या पॉलिसीत यातलं बहुतेक काही मिळत नाही, पण मुलांच्या बाबतीत खर्च नेमका इथेच होतो.

मुदतही लिहा. हिंदू दत्तक व निर्वाह कायद्याच्या कलम २० प्रमाणे आई आणि वडील दोघांवरही मुलाच्या निर्वाहाची जबाबदारी आहे. ती मुलगा सज्ञान होईपर्यंत, आणि अविवाहित मुलगी स्वतःचा निर्वाह करू शकत नसेल तर त्यापुढेही राहते. विम्यात मात्र अवलंबित मुलाची मर्यादा बऱ्याचदा २५ वर्षांची असते. परस्पर संमतीने तुम्ही २५ पर्यंतची अट घालू शकता. मुलगा १८ चा झाला की हात वर करता येतील अशी फट ठेवू नका.

प्रकरण परस्पर संमतीचं नसेल आणि निर्वाहाचा दावा चालू असेल, तर २०२० च्या रजनेश विरुद्ध नेहा निकालानंतर दोन्ही बाजूंना मालमत्ता व दायित्वांचं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं. मुलाचे आजार आणि उपचारांचा खर्च त्यात नीट नोंदवा. विम्याची मागणी त्यालाच धरून करता येते.

सावध: हुकूमनामा होऊन गेला असेल आणि त्यात हे काही नसेल, तरी वाट बंद झालेली नाही. हिंदू विवाह कायद्याच्या कलम २६ खाली मुलाचा ताबा, निर्वाह आणि शिक्षण याबद्दलचे आदेश नंतरही बदलून मागता येतात. विशेष विवाह कायद्यात हीच सोय कलम ३८ मध्ये आहे. दोघं तयार असतील तर आधी लेखी करार करा आणि तो न्यायालयात सादर करून घ्या. व्हॉट्सअ‍ॅपवरचं ‘हो, ठीक आहे’ पुरेसं नाही.

## टप्पा ४: आधी नवं सुरू करा, मग जुनं बदला

क्रम उलटा झाला की मूल काही आठवडे उघडं पडतं. घटस्फोट झाला म्हणून जुनी फ्लोटर बंद करायची आणि मग नवी शोधायची, हे चूक आहे.

४.१ जुन्या फ्लोटरच्या विमा कंपनीला लेखी विचारा: नूतनीकरणाच्या वेळी पॉलिसी वेगळी करून आई आणि मुलाला स्वतंत्र पॉलिसी द्याल का, आणि आधीच्या वर्षांचं श्रेय (काढून झालेला प्रतीक्षा काळ) राहील का? त्याच कंपनीत राहून वेगळं होणं हा सगळ्यात सरळ मार्ग आहे.

४.२ कंपनी बदलायची असेल तर पोर्टेबिलिटीचा अर्ज करा. नूतनीकरणाच्या तारखेला किमान ४५ दिवस राहिलेले असताना तो करायचा असतो, आणि ६० दिवसांपेक्षा आधी नाही. म्हणजे हाताशी जेमतेम पंधरवडा असतो. तारीख आधीच कॅलेंडरवर टाका. नवी कंपनी अर्ज नाकारू शकते, म्हणून होकार हातात येईपर्यंत जुन्या पॉलिसीला हात लावू नका.

४.३ वडिलांच्या ग्रुप पॉलिसीतून मूल बाहेर पडणार असेल, तर त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाण्याचा मार्ग आहे का, हे एचआरकडून विचारून घ्या. नोकरीचा शेवटचा दिवस उलटल्यावर विचारून उपयोग होत नाही.

४.४ आईच्या कंपनीत मुलाचं नाव घालायचं असेल, तर त्यासाठी वर्षातून एकदाच खिडकी उघडते. वर्षाच्या मध्ये लग्न किंवा मुलाचा जन्म या कारणांनी नावं घेतात. घटस्फोटाचं कारण काही ठिकाणी चालतं, काही ठिकाणी नाही. हुकूमनाम्याची प्रत हातात पडताच, त्याच आठवड्यात एचआरला ई-मेल करा.

पोर्ट केल्यावर आधीच्या वर्षांचं श्रेय जुन्या विमा रकमेपुरतंच मिळतं. जुनी ५ लाखांची आणि नवी १० लाखांची असेल, तर वाढलेल्या ५ लाखांना प्रतीक्षा काळ नव्याने लागतो. अगदी नवी पॉलिसी घेतली तर अपघात सोडून पहिले ३० दिवस काही मिळत नाही. टॉन्सिल, अ‍ॅडिनॉइड, हर्निया अशा ठरावीक शस्त्रक्रियांना सहसा २ वर्षं थांबावं लागतं, आणि लहान मुलांच्या ठरवून केलेल्या शस्त्रक्रिया बहुतेक याच असतात.

तपासा: नवी पॉलिसी आल्यावर मुलाचं नाव, जन्मतारीख, सुरुवातीची तारीख आणि मागच्या वर्षांची नोंद जन्मदाखल्याशी ताडून पाहा. चूक असेल तर ३० दिवसांच्या फ्री लुक काळातच, म्हणजे पॉलिसी तपासून परत करता येते त्या काळात, दुरुस्त करून घ्या. आईने माहेरचं आडनाव परत घेतलं असेल आणि मुलाचं वेगळं असेल, तर हुकूमनाम्याची प्रमाणित प्रत सोबत जोडा. नंतर दाव्याच्या वेळी नातं सिद्ध करत बसावं लागत नाही.

## टप्पा ५: प्रस्ताव अर्जातली आरोग्याची माहिती

वडील दुसऱ्या शहरातून ऑनलाइन पॉलिसी घेतात. मुलाला काही आजार आहे का, या प्रश्नावर ‘नाही’ला टिक करतात. मुलाला तिसऱ्या वर्षी तापात झटके आले होते, दोन दिवस दाखल केलं होतं, हे त्यांना माहीत नसतं किंवा आठवत नाही. पुढे दावा येतो, विमा कंपनी जुने केसपेपर मागवते, आणि माहिती लपवली म्हणून दावा फेटाळला जातो. हेतू वाईट नव्हता हे कंपनीला सांगून काही उपयोग होत नाही.

अर्ज कुणीही भरो, आरोग्याचा भाग मूल ज्याच्याकडे राहतं त्यानेच भरायचा. शक्य असेल तर बालरोगतज्ज्ञांकडून मुलाच्या आजारांचं एक पान लिहून घ्या आणि त्यावरून भरा. दुसरी पॉलिसी आहे का, याचंही खरं उत्तर द्या. मूल दोन पॉलिसींत असणं यात काही चुकीचं नाही, ते लपवणं चुकीचं आहे.

सलग ५ वर्षं पॉलिसी चालू राहिली की माहिती उघड केली नाही या कारणावरून कंपनीला दावा नाकारता येत नाही. सिद्ध झालेली फसवणूक मात्र याला अपवाद आहे. या ५ वर्षांच्या भरवशावर अर्धवट अर्ज भरू नका.

## टप्पा ६: दवाखान्यात, त्या दिवशी

आईच्या फोनमध्ये आणि घरात छापील स्वरूपात अशी एक फाइल हवी:

- दोन्ही पॉलिसींची ई-कार्डं
- मुलाचं आधार कार्ड
- दोन्ही पालकांच्या आधार आणि पॅनच्या प्रती
- वडिलांच्या कंपनीचा कर्मचारी क्रमांक
- टीपीएचा (विमा कंपनीच्या वतीने दावे हाताळणाऱ्या संस्थेचा) क्रमांक
- हुकूमनाम्यातलं ताब्याबद्दलचं पान

मुलाला आजी-आजोबा किंवा शेजारी दाखल करणार असतील, तर त्यांनाही ती फाइल उघडता यायला हवी.

वडिलांची ग्रुप पॉलिसी वापरायची असेल तर टीपीए डेस्कवरच्या फॉर्ममध्ये पॉलिसीधारकाचा मोबाइल क्रमांक मागतात. तिथे वडिलांचा क्रमांक लिहावा लागतो आणि मंजुरीचे मेसेज, प्रश्न, ओटीपी सगळं तिकडे जातं. ते मीटिंगमध्ये, आई काउंटरवर. म्हणून दाखल करताच पहिला फोन पॉलिसीधारकाला करा. रागलोभ बाजूला ठेवून फक्त एवढंच सांगा: ‘अमुक रुग्णालय, अमुक आजार, तुमच्या पॉलिसीवर कॅशलेस टाकतेय, मेसेज आला की पुढे पाठवा.’ संपर्कासाठी पर्यायी क्रमांक म्हणून आईचा क्रमांक फॉर्मवर लिहायला सांगा.

नियोजित उपचार असेल तर बहुतेक पॉलिसींत ४८ तास आधी कळवायचं असतं, तातडीचा असेल तर दाखल झाल्यापासून २४ तासांत. कॅशलेसच्या, म्हणजे बिल कंपनीने थेट रुग्णालयाला देण्याच्या, विनंतीवर १ तासात आणि डिस्चार्जच्या अंतिम मंजुरीवर ३ तासांत निर्णय द्यायचा, असं विमा नियामक प्राधिकरणाने २०२४ मध्ये बंधन घातलं आहे. दुपारी डिस्चार्ज सांगून रात्रीपर्यंत बसवून ठेवलं, तर हा नियम डेस्कवर स्पष्ट बोलून दाखवा.

खोली घेताना मर्यादा बघा. दिवसाला ५ हजारांची मर्यादा असताना १० हजारांची खोली घेतली, तर फक्त भाड्याचा फरक भरून सुटका होत नाही. डॉक्टरांची फी, ऑपरेशन थिएटर असे खोलीशी जोडलेले खर्चही त्याच प्रमाणात, म्हणजे निम्मे, कापले जाऊ शकतात. मग ‘तू महागडी खोली घेतलीस’ यावरून नवा वाद सुरू होतो.

## टप्पा ७: दोन पॉलिसी आणि एक बिल

दोन पॉलिसी असतील तर पहिली कोणती वापरायची ते तुम्ही ठरवता. पहिलीतून पूर्ण रक्कम निघाली नाही तर उरलेल्यासाठी दुसरीकडे दावा करता येतो. झालेल्या खर्चापेक्षा जास्त मात्र मिळत नाही. दिवसाला ठरावीक रोख रक्कम देणारी हॉस्पिटल कॅश पॉलिसी याला अपवाद आहे.

समजा बिल ३,६०,००० रुपये झालं. त्यातले हातमोजे, डायपर, नोंदणी शुल्क वगैरे १४,००० रुपये विम्यात बसत नाहीत. वडिलांच्या कंपनीची पॉलिसी ३ लाखांची आहे, तिने ३,००,००० दिले. उरलेले ४६,००० आईच्या पॉलिसीतून मागायचे. शेवटी राहिलेल्या १४,००० पैकी प्रत्येकी ७,००० रुपये, कन्सेंट टर्म्समधल्या पाचव्या अटीप्रमाणे.

दुसऱ्या दाव्यासाठी पहिल्या कंपनीचं सेटलमेंट लेटर आणि बिलांच्या प्रमाणित प्रती लागतात, कारण मूळ बिलं पहिलीकडे गेलेली असतात. ते सेटलमेंट लेटर पॉलिसीधारकाच्या ई-मेलवर येतं. सहाव्या अटीत ‘सेटलमेंट लेटर’ हाही शब्द घालून घेतला तर बरं. मूळ बिलं देण्याआधी सगळं स्कॅन करा, औषधांच्या चिठ्ठ्यांसकट.

सावध: रिइम्बर्समेंटची कागदपत्रं डिस्चार्जनंतर ठरलेल्या दिवसांत द्यावी लागतात. ही मुदत पॉलिसीनुसार वेगळी असते, बऱ्याचदा १५ ते ३० दिवसांची. ‘त्यांनी सही दिली नाही’ म्हणून मुदत गेली, तर सहीसाठी पाठवलेले ई-मेल जपून ठेवा आणि उशिराच्या कारणासह दावा तरीही दाखल करा.

## टप्पा ८: रेशन कार्ड

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत महाराष्ट्रातल्या रेशन कार्डधारक कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचे, ठरावीक यादीतले उपचार संलग्न रुग्णालयांत मोफत मिळतात. त्यासाठी मुलाचं नाव कार्डावर हवं. घटस्फोटानंतर ते बऱ्याचदा वडिलांच्या घरच्या कार्डावरच राहतं, आणि आईचं नाव माहेरच्या कार्डावर चढलेलं नसतं. जुन्या कार्डावरून दोघांची नावं कमी केल्याचा दाखला शिधावाटप कार्यालयातून किंवा तहसीलच्या पुरवठा शाखेतून घ्या आणि त्यावर नवीन कार्डात नावं घाला. खाजगी विमा असला तरी हे करून ठेवा. मोठ्या आजारात खाजगी विमा पुरत नाही, तेव्हा रुग्णालयातले आरोग्यमित्र पहिल्यांदा रेशन कार्डच मागतात.

## टप्पा ९: दरवर्षी बघायच्या गोष्टी

प्रीमियम भरल्याची पावती आणि नवीन ई-कार्ड दोन्ही घरांत पोचलं का, हे बघा. करवजावट जुन्या करप्रणालीत मिळते आणि ज्याने प्रीमियम रोखीने न देता भरला त्यालाच मिळते. स्वतः, जोडीदार आणि अवलंबित मुलं मिळून ही मर्यादा वर्षाला २५ हजार आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आणि फॅमिली फ्लोटर आरोग्य विम्यावर जीएसटी नाही, म्हणून जुन्या कन्सेंट टर्म्समध्ये ‘जीएसटीसह अमुक रक्कम’ असा आकडा असेल तर तो दोघांनी मिळून सुधारून घ्या.

पुनर्विवाह झाला की वडिलांच्या फ्लोटरमध्ये नवी पत्नी आणि पुढे नवं मूल येतं. विमा रक्कम तीच, वाटेकरी वाढले. ग्रुप पॉलिसीत दोन मुलांची मर्यादा असेल तर आधीच्या मुलाचं नाव गळण्याचा धोका असतो. लग्नाची किंवा बाळाची बातमी कळली की आईने पुढच्या नूतनीकरणानंतरचं ई-कार्ड जरूर मागावं. आईने पुनर्विवाह केला आणि नव्या पतीच्या कंपनीत मुलाचं नाव घालायचं असेल, तर सावत्र मूल चालतं का आणि दत्तकपत्र लागतं का, हे एचआरकडून लेखी घ्या.

मूल वयाच्या मर्यादेला पोचायच्या आदल्या वर्षी त्याची स्वतंत्र पॉलिसी जुन्या पॉलिसीतून वेगळी करून घ्या, म्हणजे आधीच्या वर्षांचं श्रेय त्याच्याबरोबर जाईल.

## टप्पा १०: अडलं तर कुठे जायचं

तक्रार कुणाविरुद्ध आहे ते आधी ठरवा. विमा कंपनीने दावा नाकारला आणि पालकाने पैसे अडवले, या दोन तक्रारींचे रस्ते वेगळे आहेत.

विमा कंपनीविरुद्ध आधी तिच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करा. उत्तर पटलं नाही, किंवा महिनाभरात आलंच नाही, तर विमा लोकपालाकडे जा. मुंबई आणि पुण्यात त्यांची कार्यालयं आहेत. फी लागत नाही, वकील लागत नाही, आणि ५० लाखांपर्यंतचे दावे तिथे चालतात. कंपनीने नकार दिल्यापासून वर्षाच्या आत जायला हवं. विमा नियामक प्राधिकरणाच्या बिमा भरोसा पोर्टलवरही तक्रार नोंदवता येते, फोनवरून करायची तर १५५२५५ हा क्रमांक आहे. पॉलिसी वडिलांची असेल तर तक्रार त्यांच्या सहीने गेलेली बरी, नाहीतर ‘तुम्ही पॉलिसीधारक नाही’ या उत्तरातच महिने जातात.

माजी जोडीदाराने प्रीमियम दिला नाही किंवा दाव्याचे पैसे स्वतःकडे ठेवले, तर आधी ई-मेलने तारीख, रक्कम आणि कन्सेंट टर्म्समधला अट क्रमांक लिहून मागणी करा आणि १५ दिवस द्या. मग वकिलाची नोटीस, त्यानंतर दरखास्त. दरखास्तीला हुकूमनाम्याची प्रमाणित प्रत, बिल भरल्याचा बँक उतारा, विमा कंपनीचं सेटलमेंट लेटर आणि पाठवलेले ई-मेल जोडा. या काळात मुलाच्या भेटी थांबवू नका. भेट आणि पैसे हे न्यायालयाच्या दृष्टीने दोन वेगळे विषय आहेत. एकासाठी दुसरा अडवला, तर वसुलीची भक्कम बाजूही सुनावणीत कमकुवत होते.